शिंगाची टाच

बंदूक तिनं गोधडीत गुंडाळून आणली होती,
परवाना वेगळ्या पिशवीत, केळीच्या वेफरच्या.
चोपड्याच्या एसटीत कुणी विचारलंच
तर पाहुण्यांचा तंबोरा आहे म्हणणार होती.
कुणी विचारलं नाही.

एकनळी, बारा बोअर. कुंदा शिसवाचा,
बापाच्या मापाचा, आणि बाप सहा फुटी.
केवळबाईनं खांद्याला लावून दाखवली :
बोट घोड्यापर्यंत पोचेना.
"दोन बोटं काप, रमजानभाऊ. आनि मांगे हाई बसाड."

पिशवीच्या तळातून शिंग निघालं.
जाफराबादी, कोयत्यासारखं वळलेलं,
बुडाशी अजून दाव्यानं घासल्याची खूण.
"गेंदा व्हती. सात वेत."

मी म्हटलं, प्लॅस्टिकची पाटी स्वस्तात येते,
रबराची घे, धक्का कमी बसेल.
ती भिंतीवरच्या फण्या बघत राहिली.
आजोबांच्या त्या. उवांच्या, दाढीच्या, एक नवरीची.
शेवटची विकली गेली तेव्हा मला मिसरूड नव्हतं.
इतकी वर्षं हात होते, गिऱ्हाईक नव्हतं;
आता गिऱ्हाईक समोर
आणि हातच विचारतात, जमेल का रे?

शिंगाला घाई चालत नाही.
पहिलं वर्ष ते पत्र्याखालच्या माळ्यावर पडून राहिलं.
आमचा उन्हाळा पत्र्यावर भाकरी भाजेल असा;
आकसायचं तेवढं आकसू दिलं.
ओलं बसवलं असतं तर आखाजीपर्यंत
कडा लाकूड सोडून उभ्या राहिल्या असत्या.
तिचे दोन फोन आले.
"सुकनं का?"
"नाही अजून."
त्या साली डुकरांनी तिचा मका आडवा केला,
ती रात्रभर तेलाचा डबा बडवत बसली.

मग उकळलं.
गल्लीभर जळक्या केसांचा वास,
मुमताजआपानं खिडकी आपटून लावली.
मऊ झालं तसं दोन लोखंडी पाट्यांत धरलं :
पान्यानं अर्धा आटा, थांब. अर्धा आटा, थांब.
शिंगाला आपलं वळण पाठ असतं.
एका रात्री पाट्या लवकर सैल केल्या,
सकाळी पुन्हा कोयता.

बापानं काजळी शिकवली होती :
फासायची, टेकवायचं, डाग पडेल तिथं घासायचं.
काळ्या शिंगावर काजळी काय दिसणार?
मी गेरू घेतला.
कुंद्याला गेरू, शिंग टेकव, उचल,
लाल ठिपका कानशीनं काढ, पुन्हा टेकव.
शेवटी सगळीकडे सारखा लाल उमटला,
केसही शिरेना मध्ये.

ती आली तेव्हा वरच्या कडेच्या वळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.
गाई-म्हशी वितात तशी शिंगावर वळी चढते म्हणतात,
मी मोजत घासत होतो, मोजणी चुकली होती.
"बठ्ठं घास भो, पन हाई एक ऱ्हाऊ दे."
कोणत्या वेताची, मी विचारलं.
"माले काय माहीत? बोटले लागस ना."
खांद्याला रुतेल म्हटलं. म्हणाली, रुतू दे.
मी ती टाचेच्या अगदी टोकाला ठेवली,
जिथं अंगठा जातो, खांदा जात नाही.
बाकीचं काचेनं खरवडलं, राखेनं, मग खोबरेलानं पुसलं.
दोन स्क्रू. दोन्हींच्या खाचा नळीच्या रेघेत उभ्या.
हे कुणी बघत नाही.

आठ दिवसांत निवडणूक लागली.
परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा.
हवालदारानं चिठ्ठी बांधताना टाचेवर नख फिरवलं म्हणे,
"कारागिरानं हे घासायचं विसरलं वाटतं."
केवळबाई फोनवर हसली. मला नाही आलं हसू.
निकाल लागून महिना झाला,
साहेब बदलले, किल्ली कुणाकडे आहे
याचा पत्ता नाही,
आणि ती डबाच बडवते.

शिंगाचं भरीव टोक उरलं होतं माझ्याकडे.
त्याची फणी केली.
अठ्ठावीस दात काढले, एक तुटला.
तशीच टांगून ठेवली आहे, नवरीच्या शेजारी.